हळदकुंकू यंत्राला, शब्द माणसाला

'आभार' हा आपल्या मराठीतला जरा अवघडलेला शब्द आहे. तो समारंभाच्या शेवटी येतो, तेही लोक चपला शोधायला उठलेले असताना. घरात आईला 'मी तुझी आभारी आहे' म्हटलं, तर ती आधी कपाळाला हात लावून ताप आलाय का बघेल. कामाच्या ठिकाणी तर हा शब्द पत्राच्या तळाशी, 'कळावे'च्या शेजारी, नुसता पडून असतो.

कृतज्ञतेची रीत मात्र आपल्याकडं जुनी आहे. खंडेनवमीला बेळगावच्या उद्यमबागेत एक चक्कर मारून बघा. एरवी तेलानं आणि वाळूनं माखलेली यंत्रं त्या दिवशी धुऊनपुसून लख्ख असतात. लेथला झेंडूचा हार, भट्टीला हळदकुंकू, दारात फोडलेला कोहळा. मी इथल्याच एका फाउंड्रीच्या हिशेब खात्यात बावीस वर्षं काम करते. आमच्या कॉम्प्युटरलाही गंध लागतं. वर्षभर ज्यानं पोट भरलं त्याच्यापुढं एक दिवस हात जोडावेत, ही भावना मला फार सुंदर वाटते. पण दरवर्षी एक प्रश्नही पडतो. लेथला हार मिळाला. लेथपुढं उभ्या राहणाऱ्याला काय मिळालं?

हा प्रश्न नुसता शिष्टाचाराचा नाही, मनाच्या प्रकृतीचा आहे. कामाच्या सततच्या ताणानं माणूस आतून विझत जातो. थकवा येतो, कामाबद्दल तुटलेपण येतं, आपल्या हातून काही धड होत नाही असं वाटू लागतं. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये या 'बर्नआउट'ची व्याख्या केली, तेव्हा तो आजार नव्हे तर कामाशी निगडित अवस्था आहे असं म्हटलं. म्हणजे तो माणसाइतकाच त्याच्या कामाच्या जागेचाही प्रश्न आहे.

जुलै २०१७ मध्ये जीएसटी लागू झाला आणि एप्रिल २०१८ पासून परराज्यात जाणाऱ्या मालाला ई-वे बिल आलं. आमचा बराच माल सीमा ओलांडून कोल्हापूर-पुण्याकडं जातो. रिटर्न भरायची तारीख जवळ आली की साइट अडकायची, मालकांचा आवाज चढायचा आणि पहाटे तीनला मला आकडे दिसायचे. नोकरी सोडावी का, हा विचार त्या वर्षी बऱ्याचदा मनात आला.

त्या दिवसांत मी हिशेबाचीच पद्धत मनाला लावली. मनाच्या खतावणीत नावेची बाजू आपोआप भरते. कुणी टाकून बोललं, कुणी काम ढकललं, सगळं तारीखवार नोंदलं जातं. जमेची बाजू मात्र मुद्दाम लिहावी लागते. म्हणून टेबलावरच्या डायरीत शेवटच्या पानापासून उलटं लिहायला लागले. घरी निघताना एकच ओळ: आज कुणाच्या कशामुळं माझं काम हलकं झालं?

'स्टोअरच्या मामांनी चलन आणि वजनकाट्याची पावती जुळत नाही, हे गाडी सुटायच्या आत सांगितलं.' 'डिस्पॅचच्या मुलानं बदललेल्या गाडीचा नंबर लगेच कळवला, नाहीतर ती वाटेत अडली असती.' 'झाडणाऱ्या मावशींनी पंख्याखालचे कागद दगड ठेवून दाबले होते.' एवढंच. मोठं काही नाही.

पुढं वाचनात आलं, की यावर रीतसर अभ्यास झाले आहेत. रॉबर्ट एमन्स आणि मायकेल मॅककलो या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांचा अभ्यास २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. विद्यार्थ्यांच्या एका गटानं दर आठवड्याला कृतज्ञता वाटणाऱ्या गोष्टी लिहिल्या, दुसऱ्यानं कटकटी. पहिल्या गटाला आपलं आयुष्य अधिक बरं वाटत होतं. मार्टिन सेलिगमन आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये मांडलेल्या प्रयोगात रोज रात्री तीन चांगल्या गोष्टी आणि त्या का घडल्या, हे लिहायचं होतं. ते 'का' मला महत्त्वाचं वाटतं. कारण शोधायला गेलं की बहुतेक वेळा एक माणूस सापडतो.

माणूस सापडला की त्याला सांगायलाही हवं. 'थँक्यू' पुरत नाही. काय केलंत आणि त्यानं काय टळलं, हे नेमकं सांगावं. मामांना मी सांगितलं, "तुम्ही पावती बघितली नसती तर बिल बदलत मी रात्री आठपर्यंत बसले असते. छलो आत री." आमच्याकडं अर्धं बोलणं मराठी, अर्धं कानडी. 'बरं झालं बघा' असा त्याचा अर्थ. आभारापेक्षा हा शब्द लवकर पोचतो. काम काही कमी झालं नाही. पण या खोलीत मी एकटी नाही, हे कागदावर दिसू लागलं आणि हळूहळू पहाटेची जाग कमी झाली. मामा तर आता न विचारता पावत्या ताडून पाठवतात.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगायला हवी. कृतज्ञता म्हणजे मिंधेपण नव्हे. एका वर्षी आमच्याकडं कामगारांचा दोन महिन्यांचा ओव्हरटाइम थकला होता. त्याचा तक्ता मीच करून मालकांपुढं ठेवला. भट्टीपाशी एकाचा हात भाजला तेव्हा याच मालकांनी रात्री आपली गाडी काढून त्याला दवाखान्यात नेलं होतं, ही नोंदही माझ्याच डायरीत होती. जमा आहे म्हणून नावे खोडायचं नसतं. दोन्ही बाजू लिहिल्या तरच हिशेब खरा. उलट चांगलं नोंदलेलं असलं, की वाईट न चिडता सांगता येतं. ओव्हरटाइम पुढच्या पगारात मिळाला.

शिवाय झोप, भूक उडाली असेल, जीव नकोसा वाटत असेल, तर डायरीवर विसंबू नये, डॉक्टरांना भेटावं. केंद्र सरकारची 'टेलि-मानस' ही मोफत सेवा ऑक्टोबर २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र चालते.

बाकी दिवसांसाठी एक ओळ पुरते. ती लिहा आणि ज्याची आहे त्याला सांगा. तो बहुधा मान वळवून म्हणेल, "त्यात काय मोठं?" आपल्याकडं आभार असेच स्वीकारतात. ती पोच समजावी आणि जमेला धरावी.