काकूंची ट्रंक

संग्रह करणाऱ्या माणसास घरचीं मंडळी दोन नांवांनीं ओळखतात: पाहुणे आले म्हणजे रसिक, आणि पावसाळा तोंडावर आला म्हणजे अडगळ साठविणारा. गेलीं वीस वर्षें आम्ही हीं दोन्ही बिरुदें अंधेरीच्या घरांत मिरवीत आहों. छंद जुन्या मराठी मासिकांचा. त्यांतही मजकुराहून मुखपृष्ठांचें वेड अधिक.

आमच्या आजोबांनीं 'किर्लोस्कर' मासिकाचे वर्षवार खंड बांधून घेतले होते. कापडी पुठ्ठा, सोनेरी अक्षरें, सर्व कांहीं यथास्थित. परंतु आंत एकही मुखपृष्ठ नाहीं! बांधणारा मजकूर तेवढा शिवी आणि मुखपृष्ठें व जाहिराती काढून टाकी. ग्रंथालयांतील खंडही पुष्कळदां असेच बोडके आढळतात. शंकरराव किर्लोस्कर स्वतः चित्रकार. १९२० सालीं सुरू केलेल्या मासिकाचा चेहरा त्यांनीं हौसेनें सजविला, आणि आम्हीं तो जपण्याच्या भरांत कापून टाकला.

पुढें १९४५ सालीं दीनानाथ दलालांनीं 'दीपावली' काढली. त्यांची रेषा रद्दीवाल्याच्या तराजूस कळत नाहीं; कळली असती तर आम्हांस परवडली नसती. आमच्या घरीं 'दीपावली'चे जुने अंक होते, पण तेही उघडेच. त्यांचीं मुखपृष्ठें काकूंनीं पाण्याच्या बंबांत घातलीं, ही गोष्ट आम्हीं चारचौघांत हंसत हंसत कित्येकदां सांगितली. काकू कधीं कांहीं बोलल्या नाहींत.

गेल्या वर्षीं इमारत पुनर्विकासासाठीं रिकामी करावयाची ठरली. सामान बांधतांना काकूंची लोखंडी ट्रंक प्रथमच आमच्या देखत उघडली गेली. झाकणाच्या आंतल्या अंगास खळीनें चिकटविलेलीं सात मुखपृष्ठें! कडेला गंजाचे डाग पडले होते. परंतु ऊन न लागल्यामुळें रंग असे ताजे, कीं आमच्या संग्रहांत तसें एकही नसेल. लग्न होऊन आल्या तेव्हां या घरांत भिंतीवर खिळा ठोकण्याची त्यांस मोकळीक नव्हती. ट्रंकेचें झाकण तेवढें त्यांचें.

आम्ही लगेच ओल्या टिपकागदाच्या गोष्टी बोलूं लागलों. खळ पाण्यानें सुटते. चित्रें अलगद काढून आम्लरहित कागदांत ठेवितां आलीं असतीं.

"काढायचीं तर काढ हो," काकू म्हणाल्या. "पण मग ट्रंक उघडून मी पाहूं काय?"

चित्रें तशींच आहेत. भाड्याच्या घरांत ट्रंक काकूंच्या खाटेशेजारीं ठेविली आहे. परवां मुलें भिंग घेऊन पिवळे, तांबडे, निळे ठिपके पाहत बसलीं होतीं. त्यांच्यासमोर आम्हीं बंबाची ती गोष्ट मागें घेतली. काकूंनीं ऐकून न ऐकल्यासारखें केलें, आणि धाकटीस वरचें चित्र दिसावें म्हणून झाकण थोडें पुढें ओढून धरलें.