सहीविना अस्सल

थोरांच्या सह्या आणि हस्तलिखितांच्या संग्रहावर लिहा, असे संपादकांनी कळवले. त्यातल्या ‘सह्या’ या शब्दापाशीच मला थांबावे लागते. मोडी कागद पुढे आला की लोकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: यावर महाराजांची सही कुठे आहे? सही नसेल तर कागद रद्दी, असेल तर सोने! माझे म्हणणे उलट आहे. शिवकालीन राजपत्राखाली आजच्यासारखी सही दिसली, तर आनंदाआधी संशय यावा. मराठीत ‘दस्तुरखुद्द’ हा शब्दच आहे, त्याचा मूळ अर्थ स्वतःच्या हातचे लिखाण. असा वेगळा शब्द लागला, कारण स्वहस्ते लिहिणे हा अपवाद होता.

पत्र कारकून लिही. माथ्यावर शिक्का उमटे आणि मजकूर संपला की लगेच मोर्तब, म्हणजे शेवटचा शिक्का होई. शिवाजी महाराजांच्या मोर्तबावर ‘मर्यादेयं विराजते’, तर पेशव्यांच्या मोर्तबावर ‘लेखनसीमा’. पुढे कुणी एक ओळही घुसडू नये म्हणून लिखाणाला घातलेले हे कुंपण आहे, आणि सहीचे काम तेच करते. पारख करायची ती शिक्का, मायना आणि काळ यांची. ‘इहिदे सबैन अलफ’ हे शुहूर सन घ्या. इहिदे एक, सबैन सत्तर, अलफ हजार, म्हणजे 1071. त्यात 599 मिळवले की इसवी सन 1670 येते. हे वर्ष मृगाच्या सुमारास पालटते, म्हणून पुढच्या जानेवारीपासून मृगापर्यंत 600 मिळवावे लागतात. त्यातच ‘छ’ या अक्षरापुढे चंद्राची, म्हणजे मुसलमानी महिन्याची तारीख असते. वाचकांना ही आकडेमोड रुक्ष वाटेल, पण बनावट कागद इथेच उघडा पडतो. बनावट करणारा वळण घोटतो, बोरू तासतो, जुन्या वहीची कोरी पाने मिळवतो. काजळाची शाई तर वय सांगतच नाही. पण सन, चंद्र आणि वार यांचा मेळ त्याला बसत नाही. 6 जून 1674 च्या राज्याभिषेकाआधीच्या पत्रात राज्याभिषेक शक घालून ठेवला, की पुढे काही तपासायलाच नको.

महाराजांच्या हस्ताक्षराबद्दल मात्र सविस्तर लिहायलाच हवे, कारण सर्वांत जास्त गोंधळ तिथे आहे. काही पत्रांच्या शेवटी चार शब्द निराळ्या वळणाचे दिसतात आणि ते महाराजांच्याच हातचे, असे छातीठोकपणे सांगितले जाते. पण ताडून पाहायचे कशाशी? निर्विवाद असा एकही नमुना हाती नसताना दुसरा नमुना सिद्ध होऊ शकत नाही. संभाजी महाराजांबाबत 1680 च्या बाकरे दानपत्रावर त्यांच्या हातच्या ओळी आहेत. समर्थ रामदासांच्या हातचे म्हणून वाल्मीकि रामायण धुळ्याच्या श्रीसमर्थ वाग्देवता मंदिरात जपलेले आहे. शिवाजी महाराजांबाबत तसा आधार नाही. यावर लगेच आक्षेप येतो: म्हणजे महाराज निरक्षर होते म्हणता? मुळीच नाही. कारकुनाचे अक्षर एवढेच सांगते की लेखणी कुणाच्या हातात होती. लिहिता कुणाला येत होते, हे त्यावरून ठरत नाही. हस्ताक्षरतज्ज्ञ निर्णय देतील, असेही म्हणतात. असे म्हणणाऱ्यांना उत्तर म्हणून ‘हिंद स्वराज्य’चे हस्तलिखित पुरेसे आहे. गांधीजींनी ते 1909 मध्ये बोटीवर लिहिले. उजवा हात थकला तेव्हा 275 पानांपैकी 40 पाने त्यांनी डाव्या हाताने लिहिली. संपूर्ण हस्तलिखित एकत्र राहिले, म्हणून ती पाने त्यांचीच हे आपण जाणतो. त्यातले एखादे पान सुटे विकले गेले असते, तर केवळ वळण पाहून कुणीही ते खोटे ठरवले असते.

माझा मुद्दा हाच आहे: कागदाचे अस्सलपण त्याच्या शेजारच्या कागदांत असते. मध्य प्रदेशातल्या बालाघाटसारख्या नागपूरकर भोसल्यांच्या जुन्या मुलखात हे विशेष ध्यानात घ्यावे लागते, कारण पत्र पाठवणाऱ्याकडे राहत नाही, ज्याला गेले त्याच्याकडे राहते. नागपूरकरांच्या राजकारणाची पत्रे वैनगंगेकाठी नव्हे, तर कृष्णाकाठी, वाईजवळच्या मेणवलीत नाना फडणीसांच्या दफ्तरात टिकली. त्यांतून इतिहासकार शेजवलकरांनी 1954 आणि 1959 मध्ये दोन खंड निवडून काढले. ते दफ्तर पानागणिक विकले गेले असते, तर आमच्या मुलखाचा केवढा इतिहास आज निनावी चौकटींत भिंतीवर टांगलेला असता!

संग्राहक नसते तर कागद वाण्याच्या पुड्यांत गेले असते, हा आक्षेप मला मान्य आहे. इतिहासकार राजवाड्यांनी 1898 पासून मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचे बावीस खंड छापले, ते गोळा करण्याच्या याच ध्यासामुळे. पण ते जमवत होते वाचण्यासाठी आणि छापण्यासाठी. 2012 मध्ये भारत सरकारने गांधीजी आणि त्यांचे मित्र कालेनबाख यांचा पत्रव्यवहार लंडनमधल्या लिलावाआधी सबंध विकत घेतला, तेही त्याच जातीचे काम. कायद्याने 75 वर्षांहून जुने, ऐतिहासिक मोलाचे हस्तलिखित खाजगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाही. मात्र देशातल्या देशात रुमाल, म्हणजे कापडात बांधलेला कागदांचा गठ्ठा, फोडून सुटी पाने विकणाऱ्याचा हात अशा कायद्याने धरला जात नाही.

बालाघाटातल्या लांजी, वारासिवनी, कटंगीकडे आता मुले हिंदीत शिकतात. मोडी दूरच, घरची मराठीही कागदावर क्वचित उतरते. तिकडे एखाद्या माळ्यावर रुमाल निघाला, तर गाठ सोडण्याआधी त्याचे छायाचित्र घ्यावे, पाने लागली आहेत त्याच क्रमाने त्यांवर हलक्या पेन्सिलीने आकडे घालावेत, आणि शिक्क्याचे एकच पत्र वेगळे काढू नये. त्या पत्रावरची तारीख वाळवीने खाल्ली असेल, आणि त्याच कारकुनाच्या वळणात लिहिलेला, कुणा थोराचे नाव नसलेला, सन-चंद्र शाबूत असलेला धानाच्या हिशेबाचा चिटोरा त्याच्याच खाली पडलेला असेल.