नावडत्या जागेतला देव

देव स्वयंपाकघरात भेटतो, असं ज्याच्या नावावर जगभर सांगितलं जातं, त्या माणसाला स्वयंपाकघर मुळीच आवडत नव्हतं. ब्रदर लॉरेन्सविषयी मला हीच गोष्ट सगळ्यांत मोलाची वाटते, आणि त्याच्यावर भक्तिभावानं लिहिणारे नेमकी हीच भराभर ओलांडून पुढे जातात.

सतराव्या शतकातल्या पॅरिसमध्ये, व्होजिरार रस्त्यावरच्या कार्मेलाइट मठात तो आचारी होता. मूळचा लॉरेन प्रांतातला, नाव निकोला एर्मां. अठराव्या वर्षी ऐन हिवाळ्यात एक निष्पर्ण झाड त्यानं पाहिलं. थोड्या दिवसांत याला पालवी फुटेल, मग फुलं, मग फळं, हे मनात आलं आणि देवाच्या सामर्थ्यानं तो जो भारला तो कायमचाच. पण झाड बघून कुणी लगेच साधू होत नाही. तो तीस वर्षांच्या युद्धात शिपाई झाला, जखमी होऊन परतला. मग एका बड्या खजिनदाराकडे चाकरीला राहिला. तिथे हाती येईल ते फोडायचा, हे त्यानं स्वतःच सांगून ठेवलंय. असला धांदरट माणूस 1640 मध्ये मठात शिरला तो या अपेक्षेनं, की इथे आपल्या चुकांबद्दल आपली चामडी सोलून निघेल. पुढे तो म्हणे, देवानं मला फसवलं. मला इथे समाधानच मिळालं. अर्थात तेही काही लगेच नाही. आधीची कितीतरी वर्षं मनाच्या तगमगीत गेली.

आणि वाट्याला काय आलं, तर मुदपाकखाना. जवळजवळ पंधरा वर्षं. धूर, घाई, दहाजणांच्या दहा मागण्या. त्या गोंगाटात देव आपल्याजवळ तितकाच असतो, जितका वेदीपुढे गुडघे टेकल्यावर, असं तो सांगे. प्रार्थनेची वेळ वेगळी आणि कामाची वेळ वेगळी, हा हिशेबच त्याला मान्य नव्हता.

मराठी वाचकाला इथे जनाबाई आठवणारच. पण जनीच्या जात्याला विठ्ठल हात लावतो, तिच्याबरोबर शेण्या वेचतो. लॉरेन्सचा देव कामाला हात लावत नाही. तव्यावरचं आम्लेट लॉरेन्सच उलटतो. देवाच्या प्रेमाखातर उलटतो, एवढंच. ते झालं आणि पुढ्यात दुसरं काम नसलं, की तिथेच जमिनीवर लवून नमस्कार. एकदा त्याला दारू खरेदी करायला बर्गंडीला पाठवलं. व्यवहाराचं ज्ञान शून्य, पाय अधू. नावेत पिंपांवरून लोळत लोळत पलीकडे जावं लागे. त्यानं देवाला सांगून टाकलं, की हे काम तुझं आहे, तू बघ. सौदा चांगला झाला म्हणे. पण पिंपांवरून लोळायचं मात्र चुकलं नाही.

ज्या बाईनं या कार्मेलाइट शाखेची घडी बसवली, तिलाही भांड्याकुंड्यांत फिरणारा देव ठाऊक होता. आविलाची संत तेरेसा आपल्या भगिनींना तसं सांगतच असे. गंमत अशी, की देव सर्व वस्तूंत असतो ही शिकवण तिला आधी माहीतच नव्हती. प्रार्थनेत तिला तो इतका स्पष्ट जाणवला, की शंका घ्यायला जागा उरली नाही. एका अर्धवट शिकलेल्या धर्मगुरूनं तिला सांगितलं, की छे, देव फक्त कृपेच्या रूपानं असतो, प्रत्यक्ष नव्हे. तिला ते पटेना. पुढे एका खऱ्या विद्वानानं तिचंच बरोबर असल्याचा निर्वाळा दिला. अर्धवट शिकलेल्या धर्मगुरूंचा धसका मात्र तिनं जन्मभर घेतला.

अशा विद्वानांचं म्हणणं काटेकोर असतं. तेराव्या शतकातल्या थॉमस अक्वायनसनं ते नीट मांडलंय: सगळं देवाच्या सत्तेखाली आहे, सगळं त्याच्या नजरेसमोर आहे, आणि प्रत्येक वस्तूचं असणंच त्याच्याकडून येतं म्हणून तो प्रत्येक वस्तूत आहे. पण वस्तू म्हणजे देव नव्हे. तवा तवाच राहतो. लॉरेन्सला एवढी मांडणी करायची गरज पडली नाही. त्याला तवा घासायचा होता.

देव ‘सर्वत्र’ आहे, हा दिलासाच वाटेल असंही नाही. बायबलमधलं 139वं स्तोत्र वाचताना आधी जाणवतो तो पळायला जागा नसलेला माणूस. स्वर्गात जा, अधोलोकात जा, समुद्रापलीकडे जा, तो आहेच. देवापासून पळणाऱ्या योनानं तर यापोच्या बंदरात भाडं भरून तार्शीशला जाणारं जहाज गाठलं होतं. पैसे फुकट गेले.

लॉरेन्स 1691 मध्ये वारला. त्यानंतर 101 वर्षांनी, 2 सप्टेंबर 1792 रोजी, त्याच मठाचा तुरुंग झालेला होता. फ्रेंच राज्यक्रांतीच्या नव्या कायद्याची शपथ घ्यायला नकार देणारे धर्मगुरू तिथे कोंडले होते. त्या दुपारी जमाव आत घुसला. बागेत आणि इमारतीत शंभराहून अधिक माणसं मारली गेली, त्यांत आर्लचे आर्चबिशपही होते. काही जण भिंत चढून निसटले. निसटलेल्यांना देवानं वाचवलं म्हणावं, तर उरलेल्यांचं काय? देव मुदपाकखान्यात होता असं मानणाऱ्याला तो बागेतही होता असं मानावं लागतं. पोप अकराव्या पायसनं 1926 मध्ये त्या मृतांपैकी अनेकांना हुतात्मे म्हणून धन्य घोषित केलं. चर्चचं उत्तर ते. ते आदरानं ऐकावं, पण बागेतला प्रश्न त्यानं मिटत नाही.

लॉरेन्सनं आजारी परिचितांना लिहिलेली पत्रं आहेत. दुखणं जावं म्हणून मी प्रार्थना करत नाही, ते सोसायचं बळ मागतो, असा त्यांचा सूर. वाचताना मला दर वेळी राग येतो. वेदनेनं तळमळणाऱ्या माणसाला हे लिहायचं? मग आठवतं, की लिहिणारा धडधाकट नव्हता. पायाचं दुखणं वाढत गेलं तेव्हा त्याला चुलीपुढून उठवून सपाता दुरुस्त करायला बसवलं होतं. ते काम त्याला आवडलं. माझा राग थोडा उतरतो, पूर्ण नाही.