आयर्विनचा आकडा

आमच्या सोप्याच्या भिंतीवर 2005 च्या पुराची रेघ होती. आबांनी चुन्यानं ओढलेली, उंबऱ्यापासून वीतभर वर. शिरोळ तालुक्यात कृष्णाकाठाला अशा रेघा घरोघरी दिसतात. 2019 च्या ऑगस्टपर्यंत आमचा सगळा भरवसा त्या रेघेवर होता.

त्या आठवड्यात आधी वीज गेली, मग मोबाइल. बंद पडायच्या आधी त्यावर शेवटचं काय आलं, तर ‘कोयना फुटली’. निव्वळ अफवा, पण गल्लीत रडारड झाली. आबांनी फडताळातला जुना ट्रान्झिस्टर काढला, बॅटरीतले सेल त्यात घातले आणि सांगली आकाशवाणी लावली. खरखरीतून नेहमीच्या बातम्यांचाच शांत आवाज आला. कोयना धरणातून एवढे क्युसेक विसर्ग, सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ पाणी एवढे फूट.

आयर्विनचे फूट काठावरच्या शेंबड्या पोरालाही कळतात. 40 ला इशारा, 45 ला धोका. सांगलीचं पाणी आमच्याकडे पोचायला काही तास जातात. त्यात खाली नृसिंहवाडीला पंचगंगा फुगलेली असली की कृष्णेला पुढं सरकायला वाट मिळत नाही, मग ती मागं आमच्या शिवारात पसरते. हे गणित आबा तोंडी करायचे.

संध्याकाळी आकडा 50 च्या वर गेला. मी म्हणालो, “आबा, निघूया.”

“पाचच्या सालाला 53 च्या वर गेलं, तवा कुठं उंबरा वलांडला. अजून दम हाय.”

आई चुलीपाशी होती. क्युसेक हा शब्द तिला म्हणताही येत नाही. ती एवढंच म्हणाली, “आवं, धरणाचा आकडा सकाळी ल्हान हुता. आता मोठा सांगितला की.”

आबा गप्प झाले. त्याच रात्री दोन्ही म्हशी सोडल्या आणि ट्रॅक्टरमधून निघालो.

ब्रह्मनाळला बोट उलटल्याचं शाळेतल्या छावणीत त्याच रेडिओवर ऐकलं. पाण्यानं वेढल्यावर बाहेर पडणारी माणसं होती ती. आईनं रेडिओवर हात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही. आयर्विनचं पाणी पुढं 57 फुटांवर गेलं. आमची रेघ त्याखाली कुठच्या कुठं बुडाली.

‘सखल भागातील नागरिकांनी सतर्क राहावे’ असं ऐकून कुणी घर सोडत नाही, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. सकाळी किती, आता किती, आपल्याकडे कधी पोचेल, एवढं आपल्या बोलीत सांगणारा आवाज हवा. रेडिओ दोन सेलांवर चालतो आणि टॉवर बंद पडला तरी त्याचा आवाज पोचतो.

घर धुऊन काढल्यावर आबांनी नवी रेघ ओढली, माझ्या खांद्याच्या वर. तिच्यापुढं साल लिहिलं नाही, आयर्विनचा आकडा लिहिला. 2021 च्या जुलैत पाणी पुन्हा चढायला लागलं, तेव्हा 40 ऐकल्याबरोबर त्यांनीच म्हशींची दावी सोडली.