दुसऱ्याच्या नावाची हाक

गेल्या वर्षी ऑगस्टमध्ये मी एक चोरी केली. पैशांची नव्हे, पुस्तकाचीही नव्हे, एका हाकेची. आपण चोरी करतो आहोत हे त्या वेळी माझ्या ध्यानातही आले नव्हते.

पण आधी थोडे मागचे सांगायला हवे. आम्ही वारज्याला राहतो. मुंबई-बंगळूर महामार्गाची घरघर जिथे रात्री दोन वाजताही ऐकू येते अशा एका पाच मजली इमारतीत, आणि तिच्यातही तळाला, पार्किंगशेजारच्या खोलीत. माझे वडील, आबा, तिथे वॉचमन आहेत. गच्चीची किल्ली त्यांच्याकडे असते. ती सर्वांत जास्त वेळा मागणारे म्हणजे पाचव्या मजल्यावरचे काका. एकदा ते म्हणाले, "तार ओढायचीय, पोरीला जरा वर पाठवता का?" मी गेले. दहा मीटरभर तांब्याची तार, मधोमध तोडलेली, बांबूच्या शेंड्यावरून दोन्हीकडे उतरवलेली. कपडे वाळत घालण्यासाठी माणूस एवढा खटाटोप करतो, याचे मला मोठे नवल वाटले!

ती एरियल होती. काका 'हॅम' आहेत, म्हणजे हौशी रेडिओचालक. केंद्र सरकारची परीक्षा देऊन परवाना मिळवायचा. मग आपल्याला एक कॉलसाइन मिळते. आपल्या देशात ते बहुधा 'व्हीयू'ने सुरू होते. साऱ्या जगात ते कॉलसाइन आपले एकट्याचे. धंद्याचे बोलायचे नाही, काही लपवण्यासाठी गुप्त लिपी वापरायची नाही आणि आपण कोण हे सांगितल्याशिवाय तोंड उघडायचे नाही.

मला वाटले, आता काका "हॅलो, हॅलो" करणार. पण ते चकार शब्द बोलेनात. संचाला संगणक जोडलेला होता. पडद्यावर निळे पाणी ओघळावे तसे काही खाली सरकत होते आणि त्यात पिवळ्या उभ्या रेघा उमटत होत्या. स्पीकरमधून येणारा आवाज म्हणजे शिकाऊ पोरांनी एकदम वाजवलेल्या पन्नास बासऱ्या! याला म्हणे एफटी-८ म्हणतात. 'एफ' म्हणजे फ्रँके, 'टी' म्हणजे टेलर आणि आठ म्हणजे त्यातले आठ सूर. अमेरिकेतल्या या दोन हॅमनी २०१७ साली ही पद्धत काढली. त्यांतले जोसेफ टेलर म्हणजे १९९३ चे नोबेल मिळवणारे पदार्थशास्त्रज्ञ. १९७४ मध्ये त्यांनी व हल्स यांनी जोडताऱ्यातला पहिला पल्सार शोधला. आपल्या जिल्ह्यातही नारायणगावजवळ खोडदला पंचेचाळीस-पंचेचाळीस मीटरच्या तीस तबकड्या अशाच पल्सारांकडे कान लावून असतात. अफाट गोंगाटातून अतिक्षीण आवाज वेचून काढण्याची ही विद्या टेलरांनी हौशी मंडळींच्या हाती दिली.

तिची रीत अशी. मिनिटाचे चार भाग, पंधरा-पंधरा सेकंदांचे. एका भागात मी हाक द्यायची, दुसऱ्यात गप्प राहून ऐकायचे. निरोपात जागा अवघी ७७ बिटांची. तिच्यात समोरच्याचे कॉलसाइन, आपले कॉलसाइन आणि आपला ठिकाणा मावतो, की संपले. ठिकाणा म्हणजे नकाशावरचा चौकोन. पुण्याचा 'एमके-६८'. त्याच चौकोनात वारजे, त्याच चौकोनात अलिबाग आणि त्यातच भोर तालुक्यातले आमचे गावही येते. गाव सोडून पुण्यात बस्तान बसवायला आबांना बारा वर्षे लागली; रेडिओच्या हिशेबाने आम्ही जागचे हललोच नाही!

काकांच्या जुन्या मोर्सवाल्या मित्रांना हा प्रकार मुळीच पसंत नाही. संगणक संगणकाशी बोलतो, त्यात माणूस कुठे, असे त्यांचे म्हणणे. मलाही प्रथम तसेच वाटले. पण रोज संध्याकाळी तिथे बसू लागल्यावर दिसले की माणूस आहे. फक्त तो बोलण्यात नाही, वागण्यात आहे. जेमतेम तीन किलोहर्ट्झची पट्टी, प्रत्येकाच्या वाट्याला पन्नास हर्ट्झ. डझनावारी माणसे तिथे दाटीने बसलेली. मग मोकळी फट शोधायची, तीही दोन्ही पाळ्या नीट पाहून. कारण एका पाळीत रिकामी दिसणारी जागा दुसऱ्या पाळीत कुणाची तरी असते. घड्याळ सेकंदाला बरोबर हवे. आवाज फाजील वाढवला तर आपली रेघ फुटून शेजाऱ्यांच्या अंगावर सांडते. दोघांचे चालू असताना मध्ये घुसायचे नाही. त्याने दुसऱ्या कुणाला निवडले तर मुकाट्याने थांबायचे. आणि शेवटी '७३' म्हणून निरोप घ्यायचा. तारायंत्रावरच्या माणसांचा हा नमस्कार एकोणिसाव्या शतकापासून चालत आला आहे.

आबांना हे सांगितले तेव्हा ते म्हणाले, "म्हंजी हिरीची पाळी की गं ही!" गावाकडे आमची विहीर चार भावांत सामाईक आहे. एकाच्या पाळीत दुसऱ्याने मोटर चालू केली, म्हणून आमच्या भावकीत दोन वर्षे बोलणे बंद होते. एफटी-८ आमच्या घरात माझ्याआधी आबांना समजले, असे म्हटले तरी चालेल.

आता ती चोरी. ऑगस्टमधली संध्याकाळ. गॅस सिलिंडरवाला आला म्हणून काका दाराशी गेले. पडद्यावर इटलीतला एक जण हाक देत होता आणि त्याला कुणीच उत्तर देत नव्हते. त्याच्या ओळीवर दोनदा टिचकी मारली की पुढचे सारे संगणक स्वतःच करतो, हे मी पाहिलेले होते. मी मारली. संच गुणगुणला. पंधरा सेकंद शांतता. मग पडद्यावर काकांचे कॉलसाइन, त्याचे कॉलसाइन आणि उणे चौदा! वारज्याच्या गच्चीवरची तार त्याला तिकडे ऐकू आली होती. गोंगाटाच्या तळाशी का होईना, आली होती. माझ्या अंगावर काटा आला. दीड मिनिटात सारे आटोपले. काका परत आले तेव्हा मी हसत होते.

ते रागावले नाहीत. रागावले असते तर बरे झाले असते. त्यांनी संच बंद केला आणि म्हणाले, "परवाना मला आहे. हाक माझ्या नावाची गेली, दिली तू. आता त्या माणसाला काय सांगायचं?"

मला खरोखरच कळेना की यात एवढे काय झाले. सांगायला लाज वाटते, पण न कळण्याचे कारण होते. आबा दुसरीपर्यंत शिकले. सही येते, पण सावकाश. आणि चार माणसांत करायची म्हटले की हात थांबतो. म्हणून पाचवीपासून प्रगतिपुस्तकावर त्यांची सही मीच करत आले. रेशनचा अर्ज, शिष्यवृत्तीचा अर्ज, कॉलेजचे हमीपत्र, सगळीकडे आबांचे नाव आणि अक्षर माझे. ही लबाडी आहे असे आमच्या घरात कुणाला वाटले नाही. पोरगी शिकलेली आहे, करते. दुसऱ्याच्या नावाने बोलणे हे माझे घरातले कामच होते!

काकांनी त्या रात्री इटलीतल्या गृहस्थांना पत्र धाडले, की आपला आजचा संपर्क मी केलेला नाही, कृपया वहीतून काढावा. मला वाटले, किती हा बाऊ! काकू म्हणाल्या, "एकेका संपर्कासाठी ही माणसं रात्र-रात्र जागतात, बाळ." दोन दिवसांनी उत्तर आले. नोंद काढली होती. खाली लिहिले होते, त्या मुलीला स्वतःचे कॉलसाइन मिळाले की कळवा.

पुढचे दोन महिने मी संचाला हात लावला नाही, नुसती ऐकत बसले. त्याच काळात काकांनी भारती प्रसाद यांची हकिकत सांगितली. डिसेंबर २००४ मध्ये त्या हौशी रेडिओचे पथक घेऊन पोर्ट ब्लेअरला गेल्या होत्या. जगभरच्या हॅमना अंदमानशी संपर्काचा आनंद मिळावा, एवढाच हेतू. २६ तारखेला भूकंप झाला, त्सुनामी आली, आणि हौसेसाठी नेलेल्या त्याच संचावरून बेटांवरच्या माणसांची खुशाली मुख्य भूमीवर पोचू लागली. मला त्या गोष्टीतले धाडस तर आवडलेच; पण मी विचार करत राहिले तो पलीकडच्या माणसाचा. आपल्या मुलाचा निरोप ऐकताना तो कुणाच्या तोंडचा आहे, हे त्याला ठाऊक असायलाच हवे ना!

सध्या परीक्षेचा अभ्यास चालू आहे. नियम पाठ होतात. विद्युतशास्त्राचा भाग मात्र कला शाखेच्या मुलीला जड जातो. काका दर रविवारी शिकवतात आणि दर रविवारी मी रोध व प्रतिरोध यांत घोटाळा करते.

जूनमध्ये द्वितीय वर्षाच्या प्रवेशाचा अर्ज भरायचा होता. पालकांच्या सहीची चौकट आली तेव्हा मी पेन आबांपुढे धरले. ते म्हणाले, "कर की तूच." मी नाही म्हटले. पार्किंगमधल्या खुर्चीवर बसून, अर्ज गुडघ्यावर ठेवून त्यांनी सही केली. मधेच एक गाडी आली म्हणून उठून फाटक उघडून आले, आणि राहिलेले आडनाव पुरे केले. सही चौकटीच्या बाहेर गेली. मी अर्ज तसाच दिला.