काकांचं पाणी

तेल विहिरीतून वर येतं ते खालच्या दाबामुळे, आणि तेल काढत गेलं की तो दाब उतरतो, एवढं मला पदवीच्या पुस्तकांतून ठाऊक होतं. दाब टिकवण्यासाठी समुद्राचंच पाणी साफ करून खडकात ढकलतात, हेही वाचलेलं होतं. पण त्या पाण्याची जबाबदारी अंगावर घेणं म्हणजे काय, हे ज्यांनी मला शिकवलं त्यांचं नाव कुठल्याही तांत्रिक अहवालात सापडणार नाही. शिफ्टमधल्या तंत्रज्ञांची नावं अहवालांत छापायची पद्धतच नव्हती. बॉम्बे हायवरच्या आमच्या वॉटर इंजेक्शन प्लॅटफॉर्मवर सगळे त्यांना काका म्हणत. रत्नागिरीकडचे, वयाने माझ्या वडिलांच्या बरोबरीचे. मी हुद्द्याने वरचा म्हणून मला मात्र ते अखेरपर्यंत ‘साहेब’च म्हणत राहिले.

बॉम्बे हाय हे समुद्रातलं तेलक्षेत्र. मुंबईच्या पश्चिमेला सुमारे १६० किलोमीटरवर, पाऊणशे मीटर पाण्याखाली आणि त्याच्याही खूप खाली चुनखडकाचे थर आहेत. १९७४ मध्ये ‘सागर सम्राट’ या ड्रिलिंग रिगला तिथे तेल लागलं, मे १९७६ मध्ये उत्पादन सुरू झालं. साऱ्या देशाला त्याचं अप्रूप होतं आणि ते रास्तच होतं. पण तेल काढल्याने खडकात जी जागा मोकळी होते ती भरून काढावी लागते. नाहीतर दाब पडतो, तेलात विरघळलेला वायू खालीच सुटा होतो, आधी तोच विहिरीकडे धावतो आणि तेल मागे राहतं. म्हणून ऐंशीच्या दशकात तिथे मोठ्या प्रमाणावर पाणी सोडायला सुरुवात झाली. यातला हिशेब बाहेरच्यांच्या सहज लक्षात येत नाही. वर आलेलं एक बॅरल तेल खाली असताना एका बॅरलपेक्षा जास्त जागा व्यापून असतं, कारण त्याच्या पोटात वायू असतो. त्यामुळे एकाला एक पाणी सोडून भागत नाही, वरचंही भरावं लागतं. काका म्हणायचे, “साहेब, समुद्राकडनं उसनं घ्यायचं आणि खडकाला व्याजासकट द्यायचं. आपली नोकरी एवढीच.”

उसनं घेतलेलं ते पाणी जसंच्या तसं देऊन चालत नाही. त्यात गाळ असतो, शेवाळ असतं, जिवाणू असतात आणि ऑक्सिजन असतो. गाळ खडकाची छिद्रं बुजवतो. ऑक्सिजन पाइप खातो. सल्फेटवर जगणारे जिवाणू खडकात पोचले तर तिथे हायड्रोजन सल्फाइड तयार करतात आणि चांगलं तेल नासवतात. म्हणून आधी क्लोरिन, मग जाड फिल्टर, बारीक फिल्टर, मग डीएरेटरच्या उंच मनोऱ्यात निर्वात करून हवा काढायची, उरलासुरला ऑक्सिजन सल्फाइटने मारायचा, अधूनमधून जिवाणूनाशकाचा डोस द्यायचा. या क्रमाला फार महत्त्व आहे, कारण क्लोरिन आणि सल्फाइट एकत्र आले की एकमेकांनाच संपवतात आणि दोन्ही रसायनं फुकट जातात. हे मी रसायनशास्त्रात शिकलो होतो. पण कुठल्या व्हॉल्व्हपाशी, कुठल्या वेळी नमुना घेतला म्हणजे ते खरोखर कळतं, हे काकांनी दाखवलं.

एक चाचणी त्यांनी माझ्याकडून इतकी करून घेतली की ती हातात बसली. मेम्ब्रेन म्हणजे ०.४५ मायक्रॉन छिद्रांची पांढरी गोल चकती. चिमट्याने उचलून होल्डरमध्ये ठेवायची, बोट लागू द्यायचं नाही. ठरावीक दाबाने तिच्यातून पाणी सोडायचं आणि किती वेळात किती पाणी गेलं ते टिपत जायचं. वेग जितका लवकर मंदावेल तितकं पाणी घाण. आकडा वहीत गेला की माझ्या लेखी काम संपलेलं असे. काका चकती बाहेर काढून खिडकीपाशी उजेडात धरत. हिरवट झाक म्हणजे समुद्रातलं शेवाळ फिल्टर चुकवून आलंय. तांबूस म्हणजे लोखंड गंजतंय, ऑक्सिजन कुठून तरी शिरतोय. काळी म्हणजे आयर्न सल्फाइड, जिवाणूंनी पाइपात घर केलंय. मंदावण्याचा वेग तिन्ही वेळा तोच असू शकतो, उपाय मात्र तीन वेगळे. लॉगबुकात प्रत्येक आकड्यापुढे ते चकतीचा रंग लिहीत. तसा रकाना छापलेला नव्हता. समासात, बारीक अक्षरात.

पिगिंगच्या दिवशी तर ते जागचे हलत नसत. समुद्रतळावरच्या पाइपांमधून खरवडत जाणारा पिग, म्हणजे पाइप साफ करणारा बोळा, दुसऱ्या प्लॅटफॉर्मवर पोचतो तेव्हा पुढ्यात शाईसारखं काळं पाणी घेऊन येतो. ते पाणी विहिरीकडे वळू न देता बाहेर काढायचं असतं. किती वेळ, हे कागदावर ठरलेलं होतं. काका मात्र काचेच्या बाटलीत नमुन्यामागून नमुने घेऊन रांगेत लावत आणि शेवटच्या बाटलीतून पलीकडची अक्षरं वाचता आली की मगच वायरलेसवर ‘विहीर उघडा’ म्हणत. पावसाळ्यात वारं अंगावर येत असलं तरी यात सूट नसे. “छिद्र एकदा बुजलं की तेराशे मीटर खाली उतरून कोण साफ करणार आहे?” हे ते अगदी गंभीरपणे विचारत. त्या प्रश्नापुढे मला काही बोलता येत नसे.

पुढे माझी बदली किनाऱ्यावरच्या प्रयोगशाळेत झाली आणि मी खडकाच्या नमुन्यांवर काम करू लागलो. हाताच्या मनगटाएवढ्या दगडाच्या तुकड्यात तेल भरायचं, पाणी दाबायचं, किती तेल बाहेर येतं ते मोजायचं. पाणी कितीही स्वच्छ असलं तरी बरंच तेल थेंबाथेंबाने छिद्रांत अडकून राहतं. जगभरात साठ्यातलं साधारण एक तृतीयांश तेलच हाती लागतं. अडकलेल्या तेलाला सोडवायचा एक मार्ग म्हणजे वायू. पुरेशा दाबाखाली तो तेलात मिसळतो, तेल फुगतं, पातळ होतं, हलतं. पण नुसता वायू सोडला तर तो वाट फोडून पुढे पळतो, म्हणून थोडा वेळ वायू, थोडा वेळ पाणी असं आलटून पालटून सोडतात. कॅनडातल्या अल्बर्टा प्रांतात १९५७ मध्येच हे करून पाहिलेलं होतं.

काका निवृत्त झाल्यावर मी त्यांच्या गावी गेलो, तेव्हा हे सगळं त्यांना पडवीत बसून सांगितलं. ते म्हणाले, “गॅस तर आपण पहिल्यापासून विहिरीत सोडतोच की.” मी म्हटलं, तो गॅस लिफ्ट; तो नळीतल्या द्रवात मिसळून त्याचा स्तंभ हलका करतो, म्हणजे तो वर चढतो. हा वायू खडकातच सोडायचा. त्यांनी ते ऐकून घेतलं. सुपारी कातरता कातरता थांबले आणि म्हणाले, “पण साहेब, गॅस हलका, पाणी जड. विहिरीजवळ दोघं मिसळून असतील, लांब गेल्यावर? गॅस वर चढणार, पाणी तळाला बसणार. मधलं तेल तसंच राहणार ना?”

या पद्धतीतली सगळ्यात मोठी अडचण नेमकी हीच आहे. दोघं कुठे वेगळे होतात आणि ते लांबवायचं कसं, यावर तज्ज्ञांनी आयुष्यं घालवली आहेत. शाळा अर्धवट सुटलेल्या त्या माणसाने ती पडवीत बसल्या बसल्या शोधली. मला त्या घटकेला उत्तर देता आलं ते अर्धंच. बॉम्बे हायचा चुनखडक एकसंध नाही, त्याच्या थरांमध्ये शेल या मातकट खडकाचे पातळ पापुद्रे आहेत. पाणी सोडताना हे थर आम्हाला छळतात, कारण जो थर मोकळा त्यातूनच पाणी धावतं आणि उत्पादन विहिरीत तेलापेक्षा पाणीच जास्त येऊ लागतं. पण वायूला वर चढायला तेच पापुद्रे आडवे येतात.

“म्हणजे नडणारे ते कामाचे?” काकांनी विचारलं.

“कदाचित,” मी म्हटलं. “किती जाड आणि किती सलग आहेत, त्यावर आहे.”

“मग ते मोजा आधी,” ते म्हणाले. मुंबईला परतल्यावर मी ज्या कामाला हात घातला आणि पुढची बरीच वर्षं ज्यात घालवली, ते हेच.