चाकरांच्या बाजारात

इंग्लंडमधल्या आमच्या गावच्या हौशी मंडळींनी ‘लव्ह इन अ व्हिलेज’ बसवायला घेतलं आणि मला कोरसमध्ये स्वयंपाकिणीचं काम मिळालं. आयझॅक बिकरस्टाफचं हे संगीत नाटक १७६२ च्या डिसेंबरात लंडनच्या कोव्हेंट गार्डनला पहिल्यांदा झालं. संगीताची जुळणी टॉमस आर्नची.

घरच्यांनी ठरवलेलं लग्न नको म्हणून रोझेटा पळून जाते आणि जस्टिस वुडकॉकच्या घरी दासी होऊन राहते. तिथला माळी टॉमस हा खरा मेडोज घराण्याचा मुलगा. तोही असंच ठरलेलं लग्न चुकवून आलेला. दोघं प्रेमात पडतात आणि शेवटी कळतं, थोरांनी ठरवलेली जोडी हीच! वुडकॉकच्या मुलीचा प्रियकर तर गायनमास्तर बनून घरात शिरतो. ‘सौभद्रा’तला यतिवेषातला अर्जुन पाहिलेल्या मला यात परकं काहीच वाटेना.

गाण्यांची यादी पाहून तर घरीच आल्यासारखं झालं. प्रत्येक गाण्यापुढे संगीतकाराचं नाव: हँडेल, बॉइस, गालुप्पी, खुद्द आर्न. बऱ्याचशा चाली आधीच्या, शब्द नवे. आपल्या जुन्या नाटकांच्या पुस्तकांत पदाच्या डोक्यावर ‘चाल’ छापतात, तोच प्रकार. मधले संवाद गद्यातच.

पहिल्या अंकाच्या शेवटी चाकरांचा बाजार भरतो. असे बाजार तेव्हा खरोखर भरत. धनगर टोपीत लोकरीचा झुपका खोवून यायचा, गाडीवान चाबकाची दोरी. सौदा पटला की मालक हातावर नाणं ठेवी आणि वर्षाची चाकरी पक्की होई. आमच्या दिग्दर्शिकेने मला बाह्या कोपरापर्यंत सारायला लावल्या. म्हणाली, “मालकीण आधी तुझे हात बघणार!” तशी रांगेत उभी राहिले आणि नाटकाकडे बघायची माझी नजरच बदलली. रोझेटाचा ॲप्रन तिसऱ्या अंकात सुटतो; स्वयंपाकिणीचा सुटत नाही. हॉज नावाच्या गड्याने फसवलेली मॅज तर वेषांतर करून कुठे जाणार?

१७५३ च्या कायद्याने एकविशीच्या आतल्यांना परवाना काढून लग्न करायचं तर वडिलांची संमती लागू लागली होती. त्यामुळे मुलांनी बंड करावं आणि अखेर वडिलांच्याच पसंतीला यावं, हा शेवट तेव्हाच्या थोरामोठ्यांना मानवणाराच होता. म्हणून हे नाटक कुणी बसवलंच, तर वेळ वाचवायला बाजाराचा प्रवेश तेवढा कापू नका. मालकांच्या सोंगाची खरी गंमत त्या रांगेमुळेच कळते.